एकवीस ठोके, बावीस जिल्हे

बाबा: ...अगं नाही, आत्ता पुन्हा लागली होती ती जाहिरात, बातम्यांच्या आधी. चष्मा लावून, खुर्ची पुढे ओढून बसलो होतो. तरी नाही दिसला.

ठमी: काय नाही दिसलं बाबा?

बाबा: आपला जिल्हा, ठमे. तुझ्या त्या निवडणुकीच्या नकाशात. वरून एकेक तुकडा येतो आणि धाडकन बसतो ना, ते सगळं दिसतं मला. शेजारचा दिसला, त्याच्या वरचा दिसला. आपला काही दिसेना. मग एकदम लखलखाट होतो आणि तुमच्या वाहिनीचा लोगो येतो.

ठमी: फार पटकन जातं ते. अर्ध्या मिनिटाचं तर सगळं चित्र आहे. त्यात सगळा नकाशा भरायचा म्हणजे...

बाबा: पटकन जातं, मान्य. पण बाकीचे कसे दिसतात मग?

ठमी: आपला कोपऱ्यात आहे ना. कोपऱ्याकडे कुणाची नजर जात नाही.

बाबा: माझी तिकडेच होती. मी दुसरीकडे बघतच नव्हतो.

ठमी: बाबा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. डोळा बसायला वेळ लागतो म्हणाले होते ना डॉक्टर. कडेकडेचं सगळ्यात शेवटी स्पष्ट होतं.

बाबा: असं म्हणाले होते?

ठमी: असंच काहीतरी.

बाबा: वाटलंच मला. आतलं भिंग तिरकं बसलं असणार. त्या दिवशी डॉक्टर जरा घाईतच होते. उद्या पहिल्या बोटीने पलीकडे जातो आणि दाखवून येतो. पुन्हा उघडावं लागलं तर उघडतील.

ठमी: उद्याच कशाला? थांबा ना जरा.

बाबा: नको, डोळ्याचं दुखणं अंगावर काढू नये. तुझी आत्यापण तेच म्हणते. तिकीट काढून आणतो आत्ताच. बरं, ते जाऊ दे. संध्याकाळी वाचनालयात मोठा पडदा लावलाय. सगळ्या गावाला सांगून ठेवलंय, मतमोजणीच्या कार्यक्रमाचं सुरुवातीचं चित्र आमच्या ठमीने केलंय म्हणून. मला नाही दिसला तरी चालेल गं, बाकीच्यांना दिसेल ना? शेजारी बसेल त्याला सांगणार आहे, आपला तुकडा आला की माझा हात दाब.

ठमी: बाबा, मी नंतर करते फोन. इथे हाका मारतायत मला.

(फोन बंद. एडिटिंगची खोली. संगीतकार, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, हेडफोन काढून ठेवतात.)

मास्तर: कोण मारतंय हाका? मी तर तोंडही उघडलेलं नाही.

ठमी: मास्तर, आपल्या सुरुवातीच्या संगीतात एक ठोका वाढवता येईल?

मास्तर: नाही.

ठमी: ऐकून तर घ्या.

मास्तर: ऐकलं. एक ठोका वाढवता येईल का, असं तुम्ही विचारलंत. नाही, असं मी म्हणालो. चहा घेणार?

ठमी: मी गंमत करत नाहीये.

मास्तर: मीही नाही. साहेबांनी मला काय सांगितलं होतं? लोक सोफ्यावर मागे रेलून बसलेले असतात, त्यांना पुढे सरकवा. मी सरकवले. एकेक ठोका मागच्यापेक्षा इतका, इतका जड केलाय. एकविसाव्याला माणूस सोफ्याच्या कडेवर येतो. तेवढ्यात दिवे लागतात आणि निवेदिका नमस्कार म्हणते. बाविसावा दिला तर तो परत मागे रेलेल आणि रिमोट शोधेल.

ठमी: जिल्हे बावीस आहेत मास्तर.

मास्तर: असतील. तुमच्या नकाशात बसले की सगळे.

ठमी: एकवीस बसलेत.

मास्तर: काय म्हणालात?

ठमी: दर ठोक्याला एक तुकडा पडतो. ठोके एकवीस. एक जिल्हा उरत होता.

मास्तर: मग एका ठोक्याला दोन टाकायचे.

ठमी: टाकून पाहिले. हातातून ताटं निसटल्यासारखं दिसत होतं. सगळ्या डौलाचं मातेरं.

मास्तर: म्हणून जिल्हाच खाल्लात तुम्ही?

ठमी: कोपऱ्यातला आहे. शेवटी बरोबर त्याच्यावरच लोगो येऊन बसतो. नकाशा पूर्ण झाला की खाली काही आहे की नाही, कुणाला कळत नाही. रंगीत तालमी झाल्या, साहेबांनी पाहिलं, ते निवडणूकतज्ज्ञ ओळीने बसले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तर: मीही होतो. पण मी डोळे मिटून बसतो. मला तुमचे तुकडे बघायचे नसतात, लक्ष विचलित होतं.

ठमी: धन्यवाद.

मास्तर: आणि मला का नाही सांगितलंत त्याच वेळी? तेव्हा चाल कच्ची होती. तेव्हा वाढवला असता मी.

ठमी: वाढवला असता? मागच्या अंदाजपत्रकाच्या कार्यक्रमाला मी फक्त म्हटलं होतं, जरा छोटं करता येईल का. आठवडाभर बोलला नाहीत माझ्याशी. डबासुद्धा खिडकीकडे तोंड करून खात होतात.

मास्तर: त्यात बासरी होती. बासरी छोटी करता येत नाही.

ठमी: इथला कायदाच आहे ना तुमचा. आधी संगीत, मग चित्र. तुमची फाईल आली की ती काळ्या दगडावरची रेघ. आम्ही आपली चित्रं कापायची, शिवायची आणि तुमच्या मापात बसवायची.

मास्तर: पाय हलवू नका. टेबल हलतंय.

ठमी: हलू दे.

मास्तर: बरं, झालं काय? त्या जिल्ह्यातून तक्रार आलीय का?

ठमी: एका माणसाचा फोन आला.

मास्तर: एकाच ना? मग सोडून द्या. आज संध्याकाळी लोक आकडे बघतील, कोण पडला कोण आला ते बघतील. तुमच्या तुकड्यांचा हिशेब कोण ठेवतो? उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.

ठमी: तो माणूस माझा बाप आहे. आमचा जिल्हा आहे तो. मीच निवडला. दुसऱ्या कुणाचा गाळला असता तर फोन आले असते, निषेध झाला असता, साहेबांनी मला उभं सोललं असतं. म्हटलं, आमच्याकडून कोण फोन करणार? आपलाच आहे. पाहुणे जास्त झाले की घरची माणसं मागाहून जेवतात, तसं.

मास्तर: आणि घरच्यांनीच फोन केला.

ठमी: तक्रार करायला नाही हो. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, भांडले असते मी. त्यांना वाटतंय, आपला डोळा बिघडलाय. ऑपरेशन झालंय नुकतंच. उद्या बोटीने डॉक्टरकडे निघालेत, पुन्हा डोळा उघडून घ्यायला. आणि मी म्हटलं, हो बाबा, कडेचं उशिरा दिसायला लागतं. इतकं सहज आलं तोंडातून. मला माझीच किळस येतेय.

मास्तर: उठून फेऱ्या मारल्याने काही होणार नाही. बसा.

ठमी: बसवत नाही. तुम्हाला सांगते मास्तर, लहानपणी आमच्याकडे पेपर यायचा ना, त्यात हवामानाचा नकाशा असायचा. आमचा कोपरा त्यात नसायचाच. चौकट आधीच संपायची. बाबा रोज चहा घेता घेता बॉलपेनने तेवढा भाग काढायचे. कॅलेंडरवर काढायचे, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात, बँकेने दिलेल्या डायरीत. मग कधीतरी पेन माझ्या हातात दिलं. म्हणाले, आज तू काढ. मी चित्रं काढायला शिकले ती अशी.

मास्तर: आणि पहिल्यांदा सगळा नकाशा तुमच्या हातात आला, तेव्हा...

ठमी: बोला की. मघापासून मी स्वतःला तेच ऐकवतेय.

मास्तर: तुमचा फोन वाजतोय.

ठमी: त्यांचाच आहे. मी नाही घेत.

मास्तर: घ्या. नाही घेतलात तर आता काय बिघडलं म्हणून ते आणखी एखादा डॉक्टर शोधतील. आणि स्पीकरवर टाका, मलाही ऐकू द्या.

ठमी: हॅलो. बोला बाबा.

बाबा: ठमे, कामात आहेस का? दोनच मिनिटं. एक नवीनच भानगड झालीय.

ठमी: आता काय?

बाबा: अगं, मी म्हटलं डोळ्याचा भरवसा नाही ना, मग कानाने बघू. जाहिरात लागली तसे डोळे मिटले आणि ठोके मोजले. एक तुकडा, एक ठोका. बरोबर?

ठमी: बरोबर.

बाबा: तर एकवीसच भरले. पुन्हा लागली, पुन्हा मोजले. एकवीस. आता मला सांग, धक्क्यावर तिकीटखिडकीत बसून सगळा जन्म माणसं मोजण्यात गेला माझा. बोटीत एक पाऊल जास्त पडलं तर पाठमोरा असूनही कळायचं मला. आणि आता साधे ठोके मोजता येईनात. डोळा तर गेलाच, कानही चालला बहुतेक. आत्या म्हणते, त्याच खेपेत कानाच्या डॉक्टरलाही दाखवून ये. मला मेलं धास्तावल्यासारखं झालंय.

मास्तर: काका, नमस्कार.

बाबा: कोण बोलतंय?

मास्तर: तुम्ही मोजलेले ठोके माझे आहेत. संगीत मी केलंय.

बाबा: अरे वा, मास्तर तुम्ही! ठमी सांगते तुमच्याबद्दल.

मास्तर: काय सांगते ते विचारत नाही.

बाबा: छान आहे हो तुमचं ढमढम. आमच्या कपाटातल्या कपबश्या वाजतात. रात्रीची गोळी मी काल दुपारीच घेतली, छाती इतकी धडधडायला लागली.

मास्तर: काका, एक ऐका. तुमचा कान खणखणीत आहे. ठोके एकवीसच आहेत.

बाबा: एकवीसच?

मास्तर: एकवीस. दोनदा मोजलेत, दोन्ही वेळा बरोबर मोजलेत. माझ्या वादकांपैकी निम्म्यांना जमत नाही ते.

बाबा: मग बाविसावा कुठे गेला?

मास्तर: राहिला. माझ्याकडून राहिला.

बाबा: असा कसा राहील? मोजून नाही घेतलंत?

मास्तर: नाही घेतलं. आम्ही संगीतवाले आठच्या पुढे मोजत नाही, परत एकपासून सुरू करतो.

बाबा: ही तऱ्हाच झाली. अशाने आमची बोट बुडाली असती.

मास्तर: खरंय.

बाबा: पण मग ज्या जिल्ह्याला ठोका नाही, तो बसतो कसा?

ठमी: बाबा, मी...

बाबा: नाही, सहज विचारतोय. सगळ्यांना ठोका आणि एकालाच नाही, तर त्याने यायचं कसं? दबकत?

मास्तर: संध्याकाळी बघा काका.

बाबा: बघतो की. म्हणजे शेजारचा बघेल आणि मला सांगेल. बरं, ठेवतो. कानाचा डॉक्टर तरी वाचला.

ठमी: मास्तर.

मास्तर: बोलू नका काही. त्यांच्या कानाचं मी निस्तरलं. डोळ्याचं तुम्ही बघायचं.

ठमी: तुम्ही कशाला घेतलंत अंगावर?

मास्तर: म्हाताऱ्या माणसाने दोनदा अचूक मोजायचं आणि वर स्वतःच्या कानावर संशय घ्यायचा? हे मला नाही चालत. डोळ्यांचं मला काही कळत नाही, पण चांगला कान असा वाया नाही जाऊ द्यायचा. मशीन चालू करा तुमचं.

ठमी: ठोका देताय?

मास्तर: ठोका नाही देणार. मघाशीच सांगितलं. माझं एकविसाव्याला संपतं म्हणजे संपतं.

ठमी: मग कशाला चालू करू?

मास्तर: थांबणार आहे मी. एकविसावा पडला की सगळं बंद. ड्रम नाही, काही नाही. एक ठोका बसेल एवढी जागा रिकामी सोडतो. त्या जागेत तुमचा तुकडा येऊ दे, आवाज न करता. आपटायचा नाही, नुसता टेकवायचा. जमेल?

ठमी: शांततेत?

मास्तर: आता सांगा, सोफ्याच्या कडेवर आलेल्या माणसाला अजून थोडं कसं रोखून धरायचं? गप्प राहून. मला आधी सुचायला हवं होतं. तुम्ही विचारलं असतं तर सुचलं असतं.

ठमी: मी विचारायला हवं होतं. कळलं. पण लांबी कुठे वाढवणार? सुरुवातीचं चित्र संपलं की दिवे, निवेदिका, सगळं घड्याळाला बांधलेलं आहे. आपलं लांबलं तर ती अंधारात बोलेल.

मास्तर: शेवट लांबवायचा तर सुरुवात कापावी लागेल.

ठमी: सुरुवातीला तर व्हायोलिन आहे.

मास्तर: मला माहितेय काय आहे ते.

ठमी: मास्तर, त्या बाईंना तुम्ही अख्खी दुपार तेवढंच वाजवायला लावलं होतंत. तुम्ही म्हणाला होतात, या सगळ्या गोंगाटात तेवढंच माझं आहे.

मास्तर: म्हणालो होतो. आता कापू द्या, नाहीतर विचार बदलेल. आता त्या बाई माझ्याशी बोलणार नाहीत, खिडकीकडे तोंड करून जेवतील. तुम्ही तो लोगो उचला तिथून.

ठमी: साहेब विचारतील.

मास्तर: सांगा, निवेदिकेच्या केसांवर येत होता. केसांचं नाव घेतलं की साहेब पुढे विचारत नाहीत.

ठमी: कापलंत?

मास्तर: कापलं. बघू नका माझ्याकडे, स्वतःच्या पडद्याकडे बघा. किती झालं तुमचं?

ठमी: निम्म्यावर अडकलंय. काय कुथतंय हे मशीन. कंट्रोल रूममधून दोन फोन येऊन गेले.

मास्तर: येऊ द्या. पाय.

ठमी: तुम्ही पेन आपटताय.

मास्तर: मी लय मोजतोय.

ठमी: तुम्ही घाबरलाय.

मास्तर: दोन्ही करतोय. झालं?

ठमी: झालं. गेलं. त्यांच्याकडे पोचलं... हो म्हणतायत. चढवलं म्हणतायत. आवाज मोठा करा. नको, राहू दे. करा.

मास्तर: लागलं बघा. व्हायोलिन नाही, एकदम अंगावरच येतं. हं, बरं वाटतंय पण. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस.

ठमी: ...

मास्तर: बसला. आता श्वास घ्या, नाहीतर मलाच डॉक्टर बोलवावा लागेल.

ठमी: तुम्ही डोळे उघडे ठेवले होतेत.

मास्तर: आवाजच नव्हता, मग ऐकणार काय? फोन वाजला का?

ठमी: नाही वाजला. एरवी एव्हाना दोन वेळा वाजला असता.

मास्तर: मग तुम्ही लावा. मी बाहेर जाऊन चहा सांगतो.

ठमी: हॅलो, बाबा?

बाबा: थांब, थांब, बाहेर येतो. आत नुसता गलका चाललाय. हं, बोल.

ठमी: पाहिलंत?

बाबा: पाहिलं.

ठमी: दिसला?

बाबा: शेजारच्याने हात दाबायचा राहूनच गेला. तोच आ वासून बसला होता. ढमढम थांबलं आणि सगळा हॉल असा पुढे झुकलेला. मग आपला आला. हळूच, आपली बोट धक्क्याला लागते तसा. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

ठमी: बाबा, दुपारच्या जाहिरातीत आपला नव्हताच. मास्तरांचं काही चुकलं नाही. जागा कमी पडत होती, मीच आपला वगळला होता. तुमचा डोळा चांगला आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली हो. तोंड उघडवेना, आणि उघडलं तर खोटंच बाहेर आलं.

बाबा: दुपारभर एक डोळा झाकून कॅलेंडर वाचत होतो. मग दुसरा झाकून. दोन्हींनी सारखंच दिसायचं. मला कळेना, इतकं बारीक अक्षर दिसतं आणि आपलं घरच कसं दिसत नाही?

ठमी: चुकलं माझं.

बाबा: चुकलंच. सरळ विचारलं होतं तुला मी.

ठमी: हो.

बाबा: घाबरलो होतो गं मी. पुन्हा डोळ्यात सुई घेणं म्हणजे काही खेळ नाही.

ठमी: हो बाबा.

बाबा: उद्याचं तिकीट परत देऊन टाकतो आता. खिडकीवरचा पोरगा ओळखीचा आहे, घेईल.

ठमी: द्या.

बाबा: आणि हे बघ. पुढच्या वेळी जागा कमी पडली तर आपलाच वगळ, दुसऱ्या कुणाचा नको. फक्त मला आदल्या दिवशी सांगायचं.

ठमी: सांगून काय होणार आहे?

बाबा: टीव्हीच्या काचेवर पेनाने काढून ठेवेन.